माळ आषाढात मरतो: लाल कंधारीच्या एका कळपाचं चराईचं गणित

पार्श्वभूमी

लातूर आणि नांदेड जिल्ह्यांच्या सीमेवर, बालाघाटाच्या रांगेतलं हे एकत्र कुटुंब. दोघा भावांची मिळून ४६ एकर जमीन. त्यातली १८ एकर वहितीची, मध्यम काळी. उरलेली २८ एकर माळ: वर वीतभर मुरमाड माती, खाली कच्चा मुरूम. पाऊस सरासरी ८०० मिलिमीटरच्या आसपास, पण जवळपास सगळा चार महिन्यांत. विहीर एक, ती फेब्रुवारीअखेर तळाला जाते.

गोठ्यात २०१९ साली लाल कंधारी या स्थानिक गोवंशाची २२ जनावरं होती: ९ गाई, १ वळू, ४ बैल आणि ८ कालवडी-खोंडं. दूध घरापुरतं. उत्पन्न यायचं ते अडीच-तीन वर्षांची खोंडं बैलजोडीसाठी विकून आणि कालवडी पैदाशीसाठी देऊन. म्हणजे इथे विकलं जातं ते जनावराचं वजन आणि बांधा. परदेशात मांसासाठी गुरं पाळणारे एकरी किती किलो वजन वाढलं हा हिशोब धरतात. आपल्याकडे खोंडं वाढवणाऱ्यालाही तोच हिशोब लागू पडतो, फक्त तो कोणी मांडत नाही. दुधाचा हिशोब रोज दिसतो, वजनाचा दिसत नाही.

या घरानं तो मांडला. साधन साधं होतं: कपडे मोजायचा टेप. पुढच्या पायांच्या मागून छातीचा घेर आणि खांद्याच्या टोकापासून माकडहाडापर्यंतची लांबी, दोन्ही इंचांत घ्यायची. घेर गुणिले घेर गुणिले लांबी, भागिले ६६०, म्हणजे किलोत अंदाजे वजन येतं. दर महिन्याला, सकाळी पाणी पाजण्याआधी, जनावर चारही पायांवर सरळ उभं असताना. काट्याशी ताडलं तर पाच-दहा टक्के फरक पडतो, पण तोच माणूस तसंच मोजत राहिला तर वाढ आणि घट नक्की कळते.

अडचण

२०१८चा पाऊस दगा देऊन गेला. राज्यातले १५१ तालुके दुष्काळी जाहीर झाले त्या सालची ही गोष्ट. २०१९च्या एप्रिलपासून या घरानं सुमारे ३,४०० पेंढ्या कडबा विकत घेतला. पेंढी दीड किलोची, सरासरी २५ रुपयांनी, म्हणजे ८५ हजार रुपये. तरी मे महिन्यात तीन कालवडी मिळेल त्या भावात काढाव्या लागल्या.

घरच्यांच्या मते अडचण सरळ होती: उन्हाळ्यात चारा पुरत नाही. वर्षभराची मांडणी केली तेव्हा चित्र वेगळं निघालं.

३२० किलोच्या जनावराला रोज वजनाच्या सव्वादोन-अडीच टक्के, म्हणजे साधारण साडेसात किलो कोरडा चारा लागतो. लहान जनावर अर्धं आणि बैल-वळू सव्वापट धरले तर पूर्ण कळप १९ मोठ्या जनावरांइतका भरला. रोजची गरज १४० किलो, वर्षाची ५१ टन. घरचा पुरवठा असा: चार एकर रब्बी ज्वारीचा कडबा ५ टन, सोयाबीनचं भुसकट ५ टन, तूर-हरभऱ्याचा भुसा २ टन. ज्वारी पूर्वी आठ एकर असायची. सोयाबीन वाढलं तशी ती अर्ध्यावर आली, आणि तिच्याबरोबर कडबाही.

माळाचं मोजमाप त्या ऑक्टोबरात झालं. मीटर बाय मीटरची लोखंडी गजाची चौकट वीस ठिकाणी टाकून, आतलं गवत कापून, वाळवून तोललं. जनावरांचं तोंड पोचू नये म्हणून या जागा आधीपासून काट्याकुपाट्यांनी झाकल्या होत्या. खुल्या चराईच्या माळावर चौरस मीटरला सरासरी ११० ग्रॅम निघालं. त्या हिशोबानं २८ एकरांवर साडेबारा टन. गवत जगायचं तर त्यातलं निम्मं जागेवर राहू द्यावं लागतं. हाती सहा टन. २८ एकरांचा माळ या कळपाला दीड महिनासुद्धा पुरत नव्हता. बांध, रस्त्याकडेची जागा, गायरान आणि काढणीनंतरची रानं मिळून आणखी बारा टन धरले तरी २१ टनांची तूट उरते. ती काही विकत चाऱ्यानं भरायची, बाकीची जनावरांच्या अंगावरून वसूल व्हायची. खोंडं पावसाळ्यात दिवसाला ३०० ग्रॅम वाढायची आणि फेब्रुवारी ते जून त्यातलं बरंचसं गमवायची. वर्षाची निव्वळ वाढ ३० ते ३५ किलो. गाईंच्या दोन वेतांत २० ते २२ महिने.

त्याहून महत्त्वाची गोष्ट माळावर उभी होती. तिथे काय उगवतं ते पाहिलं तेव्हा चौकटीत बहुतेक कुसळी, तरोटा आणि हंगामी बारीक गवत सापडलं. पवन्या, डोंगरी आणि मारवेल ही बारमाही, गुरं आवडीनं खातात ती गवतं फक्त निवडुंग आणि बोरीच्या काट्यांत शिल्लक होती. म्हणजे जमिनीत दम होता. गवत कुठे वाचलं होतं, तर जिथे जून-जुलैत तोंड पोचलं नाही तिथे.

कारण असं. बारमाही गवताचा पहिला कोंब पानांच्या बळावर येत नाही. मागच्या हंगामात खोडाच्या बुंध्यात आणि मुळांत साठवलेल्या शिधोरीवर तो येतो. तीन-चार पानं नीट उलगडली की मग पानं स्वतःचं आणि मुळांचं पोट भरू लागतात. पहिल्या पावसावर हिरवं दिसताच गुरं सोडली की ती बोटभर कोंब खुडतात. ठोंब, म्हणजे गवताचा मुळांसकट बुंधा, शिधोरीतून दुसरा कोंब काढतो, तोही खुडला जातो. दोन-तीन वर्षांत मुळं आखडतात आणि ठोंब मरतो. त्या जागी कुसळी येते. ती फुलोऱ्याआधीच खाण्यासारखी असते, नंतर तिचं कुसळ तोंडात आणि कातडीत रुततं. गुरं सोडायची घाई त्याच वेळी होते, कारण घरचा कडबा ज्येष्ठातच संपलेला असतो. उन्हाळ्यातली तूट अशी आषाढात माळाच्या मुळावर येते.

कोणते पर्याय होते

संकरित नेपिअर हे उंच वाढणारं चारागवत लावून सगळी जनावरं गोठ्यात बांधायची, हा सगळ्यात जास्त सुचवला गेलेला पर्याय. नेपिअरला उन्हाळ्यात दर आठ-दहा दिवसांनी पाणी लागतं, आणि इथली विहीर मार्चमध्ये आटलेली असते. तो बाद झाला.

माळ नांगरून नवं गवत पेरायचं? वीतभर मातीच्या उतारावर नांगर घातला तर पहिल्या वळवालाच माती ओढ्याला लागते. तोही बाद.

कळप निम्मा करायचा हा गणितानं बरोबर पर्याय होता, पण व्यवहारात सोपा नाही. मार्च २०१५पासून राज्यात बैल आणि वळूंच्या कत्तलीलाही बंदी आहे, त्यामुळे थकलेल्या बैलाला गिऱ्हाईक उरत नाही. कमी करायच्या त्या तरुण कालवडी आणि खोंडं, म्हणजे कमाईचंच जनावर. तरी काही प्रमाणात हे करावंच लागणार होतं.

पूर्ण चराईबंदी करून कापून आणायचं तर ११ हेक्टरची कापणी रोज दोन माणसं खाऊन टाकते.

शेवटचा पर्याय: पेरणीचा पाऊस झाल्यापासून ४५ दिवस माळ बंद ठेवायचा, मग तुकड्यांनी चारायचा. कागदावर यात खर्च जवळजवळ नव्हता. खरी किंमत वेगळी होती: त्या ४५ दिवसांसाठी ६.३ टन कोरडा चारा गोठ्याशी शिल्लक हवा, तोही सगळ्या उन्हाळ्यानंतर.

काय केलं

पहिल्या वर्षी हे जमलं नाही. २०१९चा पाऊस आधीच उशिरा आला, आणि माळ बंद केल्यापासून एकोणीस दिवसांत विकतचा कडबा संपला. इथे थोरल्या जाऊबाईंनी सुचवलेला मार्ग कामाला आला. रोजचा कडबा त्याच मोजून टाकायच्या, त्यामुळे किती दिवस निघतील हे त्यांना नेमकं ठाऊक होतं. त्यांनी धरलं की २८ एकर राखता येत नाहीत तर ओढ्याकडचे सातच राखू. बाकीच्या एकवीस एकरांत गुरं गेली. सात एकर ऑगस्टच्या मध्यापर्यंत बंद राहिले. ऑक्टोबरात त्या सातांत चौकटीला १९० ग्रॅम गवत आलं, बाकी ठिकाणी ११०. माळ राखून फायदा होतो का, हा घरात जो वाद होता तो त्या तराजूनं मिटवला.

२०२०पासून माळाचे चार तुकडे झाले, सात-सात एकरांचे. एक तुकडा दरवर्षी फुलोरा येईपर्यंत बंद, मग कापणीला. उरलेल्या तीनांत फेरपालटीनं चराई. बंदीचा हिशोब नक्षत्रांवर लावला, कारण घरात सगळ्यांना तोच कळतो: पेरणीचा पाऊस मृगात झाला तर पुष्य लागून चार-पाच दिवस होईपर्यंत, आर्द्रात झाला तर आश्लेषापर्यंत. त्यानंतर गवत दीड वीत झालं की आत, मूठभर उंचीचं उरलं की बाहेर. ऑगस्टमध्ये एका तुकड्यात आठ-दहा दिवस, मग बाकीचे दोन चरून होईपर्यंत त्याला विश्रांती. मूठभर उरणं याला फार महत्त्व आहे. जमिनीलगत दिसतं म्हणून आणखी दोन दिवस ठेवलं, तर पुढची फूट पंधरा दिवस उशिरा येते.

कुंपणासाठी काटेरी तारेचा अंदाज अडीच लाखांवर गेला. सौर झटका मशीन, दोन पदरी तार आणि लाकडी खांब मिळून ५८ हजारांत झालं. तारा ४५ आणि ८५ सेंटीमीटरवर. पहिल्या महिन्यात गुरं बिनधास्त तार ओलांडत होती, आणि दोष मशीनला दिला जात होता. मशीन ठीक होतं, अर्थिंग चुकलं होतं. कोरड्या मुरमात ठोकलेल्या एका सळईतून झटक्याचं वर्तुळ पूर्ण होत नाही. पावणेदोन मीटरच्या तीन जस्ताळलेल्या सळया ओढ्याच्या ओलीत, दोन-दोन मीटर अंतरानं ठोकून जोडल्यावर तारेवर ४,००० व्होल्टच्या वर दाब मिळू लागला. दुसरी चूक ऑगस्टमध्ये: वाढलेलं गवत खालच्या तारेला टेकलं की झटका जमिनीत उतरतो. दर पंधरा दिवसांनी तारेखालचं गवत कापावं लागतं. आणि एक गोष्ट कोणी करू नये: घरच्या विजेची तार थेट कुंपणाला जोडणं. त्यानं माणसं मरतात.

शेजारच्या वस्तीवरच्या शेळ्या पूर्वापार या माळावर येत. तार लावून त्यांना तोडणं बरं नव्हतं आणि टिकलंही नसतं. पावसाळ्यात त्यांनी यायचं नाही, दिवाळीनंतर चरून झालेले तुकडे त्यांना खुले, असं ठरलं. बोरी-बाभळीचा पाला शेळ्या खातात, गुरांच्या गवताला त्यांची फार स्पर्धा नसते. हा शब्द दोन्हीकडून पाळला गेला.

गवत सुधारण्याच्या कामात दोन गोष्टी केल्या. ओढ्याकडे अर्ध्या एकरात फुले मारवेल ०६-४० या वाणाचे ठोंब ४५ बाय ३० सेंटीमीटरवर लावले, सुमारे पंधरा हजार. पुढच्या वर्षी त्यांचेच ठोंब फोडून बांधांवर नेले. हे छान लागलं. स्टायलो या प्रथिनयुक्त द्विदल चाऱ्याचं मात्र पहिलं १० किलो बी वाया गेलं. त्याचं कवच कठीण असतं, पाणी आत शिरत नाही, आणि पेरलंही दोन इंच खोल. दुसऱ्या खेपेला बी फडक्यात बांधून ८० अंशांच्या पाण्यात चार मिनिटं धरलं, लगेच थंड पाण्यात काढलं, सावलीत सुकवलं आणि कुळवानं नुसत्या ओरखडलेल्या जमिनीवर फेकलं. वर माती अर्धा-एक सेंटीमीटर. पाणी उकळतं असेल तर बी शिजतं, म्हणून थर्मामीटर हवा. स्टायलोचा उपयोग हिवाळ्यात कळतो. डिसेंबरनंतर माळाच्या वाळल्या गवतात प्रथिनं तीन-चार टक्क्यांवर येतात, आणि पोटातल्या जिवाणूंना चारा पचवायला सातेक टक्के लागतात. पोट गच्च भरूनही जनावर खंगतं ते यामुळे. स्टायलो अंगावर येईपर्यंत रोज दोन-तीन किलो सुबाभूळ-शेवरीचा पाला आणि अर्धा किलो तूरचुणी देऊन हे भागवलं. सुबाभूळ एकूण चाऱ्याच्या तिसऱ्या हिश्शावर जाऊ देऊ नये, केस गळतात. मोठ्या जनावराला रोज ५० ग्रॅम खनिज मिश्रण सुरू केल्यावर गुरांचं हाडं चघळणंही थांबलं.

विहिरीला पाणी असतं त्या दिवसांत एक एकर मका, खरीप आणि रब्बी असा दोनदा, दाणा दुधातून चिकात येताना कापून मुरघासात, म्हणजे हवाबंद मुरवायला. दोन्ही मिळून २८ टन हिरवा. हाच आषाढाचा साठा. तो होळीला उघडायचा नाही हे ठरलेलं, आणि मोडायचा मोह दरवर्षी झाला.

जिथे निर्णय चुकले

गवताची कापणी निम्मा फुलोरा आल्यावर व्हायला हवी, म्हणजे इथे सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरचा पहिला आठवडा. तेव्हा परतीचा पाऊस डोक्यावर असतो. २०२०मध्ये सगळे सात एकर एकदम कापले आणि ऑक्टोबरच्या मध्यावरच्या मोठ्या पावसात जवळपास अर्धं गवत बुरशीनं काळं पडलं. बुरशीचं गवत गाभण गाईला घालणं धोक्याचं, ते उकिरड्यावर गेलं. तेव्हापासून दोन-दोन एकर कापतात. काडी पिळली की तुटली पाहिजे, पेर नखानं खरवडलं तर ओल लागता कामा नये. मगच पेंढ्या. गंजी तुराट्यांच्या थरावर, माथा निमुळता. दोन आठवडे उशीर झाला तर गवताचा कस घटतो हे खरं, पण बुरशीपेक्षा उशीर परवडतो.

दुसरी चूक २०२२ची. चार खोंडं जूनमध्ये विकायची ठरली होती. पावसाळ्यात फुकटचं वजन चढेल म्हणून दसऱ्यापर्यंत थांबले. ऑगस्टनंतर लम्पी हा गुरांचा साथरोग पसरला, सप्टेंबरमध्ये जनावरांचे बाजार बंद झाले. चारही खोंडं फेब्रुवारीपर्यंत दावणीला राहिली आणि अंदाजे तीन टन चारा खाऊन गेली, म्हणजे आषाढाच्या साठ्याचा निम्मा भाग. बाजार बंद होईल हे कोणाला ठाऊक नव्हतं. पण विक्रीची तारीख चाऱ्याच्या साठ्यावरून ठरवायची, भावाच्या आशेवर नाही, हा नियम तोवर कागदावर नव्हता.

तिसरी सगळ्यात जड. २०२३च्या ऑगस्टमध्ये पाऊस पूर्ण उघडला. हिरव्या चाऱ्यासाठी पेरलेली ज्वारी गुडघाभर होऊन सुकली. माळ विश्रांतीवर, मुरघास संपत आलेला, समोर हिरवं दिसणारं रान. तार ओलांडून तीन गाई तिथे शिरल्या. फुलोऱ्याआधीची, त्यातही पाण्याच्या ताणावर खुरटलेली ज्वारी सायनाइडनं सर्वांत जास्त विषारी असते. अर्ध्या तासात धाप, तोंडाला फेस, कापरं. डॉक्टर पोचून शिरेतून सोडियम थायोसल्फेट देईपर्यंत एक गाय गेली, दोन वाचल्या. त्या रानाला आधीच वेगळी तार हवी होती. आणि पाऊस लांबला त्या आठवड्यातच ती ज्वारी कापून मुरघासात घालायला हवी होती. मुरताना विषाचा बराच भाग उडून जातो, शिवाय उघडल्यावर काही तास पसरून ठेवून मगच ती घालता आली असती.

आज काय स्थिती आहे

कळप १६ जनावरांवर आहे, मोठ्या जनावरांच्या हिशोबानं १४. वर्षाची गरज ३८ टन. माळाच्या चौकटीत २०२२ साली सरासरी २६० ग्रॅम आलं, त्यातलं चराई आणि कापणी मिळून १७ टन हाती लागतं. मुरघास ७, कडबा ६, भुसकट-भुसा ६, बांधांवरचं मारवेल ४ टन. बेरीज ४०. दोन टनांची शिल्लक फार नाही, आणि २०२३सारख्या सालात तीही गेली. त्या वर्षी ४०० पेंढ्या विकत घ्याव्या लागल्या. २०१९शी ताडलं तर आठवा हिस्सा.

खोंडांची वर्षाची वाढ आता ८० ते ८५ किलो. दोन वेतांतलं अंतर १५ ते १७ महिने. पवन्या आणि डोंगरी तीन तुकड्यांत पसरलेली दिसते. चौथ्या तुकड्याच्या माथ्यावरची दोन एकर अजून तरोट्याची आहेत. तिथे माती इतकी वाहून गेली आहे की नुसत्या विश्रांतीनं ठोंब धरत नाही. यंदा समतल रेषेत फूटभर खोल चर काढून, बी एक भाग, शेण एक, माती तीन, वाळू एक अशा गोळ्या करून अंजन गवत टाकायचं आहे, मृगाच्या आधी, कोरड्यातच.